खडूच्या तीन रेघा

अकरा महिने त्याचा दिवस पहाटे सव्वातीनला सुरू झाला. त्याआधी सोळा वर्षं तो पावणेपाचला सुरू व्हायचा. हा मधला दीड तास कुठून आला आणि त्याचं श्रेय कुणी लाटलं, एवढंच सांगायचं आहे. राग आहे म्हणून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. थंड डोक्यानं लिहिणारे पुष्कळ आहेत.

धावपटूंचं वसतिगृह होतं. चाळीस पोरंपोरी, बारा महिने तिथंच राहणारी, सकाळ-संध्याकाळ पळणारी. त्यांचे कपडे माझ्याकडे यायचे. मी धुलाईखात्यात इस्त्रीवर होतो. त्यांचे बूट त्याच्याकडे जायचे. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि भिंतीत दार. ते दार तो कधी लावू द्यायचा नाही. माझ्या खिडकीतून आलेला वारा त्याच्या फळ्यांवरून जाऊन पलीकडच्या जाळीतून बाहेर पडला पाहिजे, हा त्याचा हट्ट. थंडीत मी कुडकुडत इस्त्री करायचो. तक्रार केली की म्हणायचा, "तुझ्या हातात निखारा आहे, तुला कसली थंडी?"

त्याला सगळे नाकराव म्हणायचे. पोरं तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे नाकराव. कारण साधं होतं. तो प्रत्येक बुटात नाक घालायचा. लाजत नव्हता, तोंड वाकडं करत नव्हता. बूट उचलायचा, जीभ मागे ओढायचा, नाक आत, एक श्वास, की झालं. मग खिशातून खडू काढून बुटाच्या तळव्यावर रेघ मारायचा. एक रेघ म्हणजे नुसती हवा द्यायची. दोन रेघा म्हणजे आतला सुखतळा काढून धुवायचा. तीन रेघा म्हणजे पूर्ण काम.

पूर्ण काम काय असतं ते लोकांना माहीत नसतं. लोकांना उपाय हवा असतो, काम नको असतं. बुटाला वास येतो म्हटलं की कुणी पावडर टाकतं, कुणी अत्तर मारतं, कुणी गच्चीवर कडक उन्हात फेकून देतं. नाकराव या लोकांवर मनापासून चिडायचा. घाम वास मारत नाही, म्हणायचा. ओल वास मारते. बुटात ओल राहिली की तिच्यात जे वाढतं ते वास मारतं. पावडर टाकली तर त्याचा चिखल होतो. अत्तर मारलं तर दोन वास होतात. उन्हात टाकला तर डिंक सुटतो आणि बूट मरतो. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणणारं पोर दिसलं, तर त्या पोराचं काही खरं नव्हतं.

तीन रेघांच्या बुटाची तो आधी लेस काढून धुवायचा. मग सुखतळा. सुखतळा कोमट पाण्यात, साबण थोडा, ब्रश मऊ. बूट पाण्यात बुडवायचा नाही. आतून ओल्या फडक्यानं पुसायचा, अंगठ्याच्या खळग्यापर्यंत बोट घालून. पुन्हा व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं फडकं. मग कोरडं फडकं. मग वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं बदलायचे, पुन्हा बदलायचे. शेवटी खाण्याचा सोडा पुरचुंडीत बांधून आत आणि बूट फळीवर, तोंड वाऱ्याकडे. एका जोडीला हातांची बारा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

चाळीस जोड्यांत तीन रेघांच्या चार निघायच्या, दोन रेघांच्या दहा, बाकी एकेक. सव्वातीन तासांत सगळं उरकायचं. उरलेल्या वेळात झिजलेल्या लेसा बदलणं, उसवलेली शिवण घालणं, फळ्या पुसणं. दुपारी एकला सुट्टी.

आणखी एक गोष्ट त्यानंच भांडून मिळवली होती. प्रत्येक पोराला दोन जोड. आज एक घालायचा, उद्या दुसरा. जुन्या साहेबांना त्यानं सरळ सांगितलं होतं, "साहेब, पोरांना एक दिवस सुट्टी नाही दिली तरी चालेल, बुटाला द्या." जुने साहेब हसले आणि त्यांनी सही केली. तेव्हापासून आमच्या पोरांच्या पायांना भेगा नाहीत, बोटांमध्ये खाज नाही. याचा बक्षीस समारंभात कुणी उल्लेख केला नाही. बूट धुणाऱ्याचा कुणी करत नाही.

राग त्याच्या नाकावर होताच. पण त्याला दुसरंही कारण होतं. तो राहायचा त्या तळमजल्यावरच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती उघडायची समोरच्या इमारतीच्या भिंतीवर. हात बाहेर काढला तर भिंतीला लागायचा. त्याच्या बायकोला बारा महिने खोकला. वाळत टाकलेले कपडे घरात तीन दिवस ओलसर. दिवसभर दुसऱ्यांच्या बुटांना वारा घालणारा माणूस रात्री ओलीत झोपायचा. साठ पूर्ण झाले की सेवेची एकरकमी रक्कम मिळणार होती, तीतून त्याला वर कुठंतरी खोली घ्यायची होती. समोरासमोर दोन खिडक्या असलेली. याशिवाय त्यानं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. मध्येच कामाला नालायक ठरवून काढलं, तर ती रक्कम निम्मी; स्वतः सोडलं, तर काहीच नाही. हा नियम आम्हां सगळ्यांना पाठ होता.

सेवा संपायला अडीच वर्षं उरली असताना त्याला ताप आला. आठ दिवस अंथरुणात, डोकं जड, नाक गच्च. नवव्या दिवशी कामावर आला. बरा दिसत होता. बुटात नाक घालत होता, रेघा मारत होता.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. मी बनियनवर इस्त्री तशीच ठेवून बाहेर कुणाशी तरी बोलायला गेलो. चूक माझी. परत आलो तर खोलीभर धूर, बनियन करपून काळं, आणि नाकराव इस्त्रीपासून दोन हातांवर पाठमोरा उभा, निवांत लेस ओवत.

मी ओरडलो, "अरे, मेलास काय? वास येत नाही?"

त्यानं वळून धूर बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्याला वास आलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"येईल म्हणाला. नाहीही येणार म्हणाला. पैसे मात्र दोन्हीचे घेतले." मग लेस दातात धरून गाठ मारली. "घरी दूध करपलं तरी कळत नाही. ही बोंबलते. इथं तू बोंबलू नकोस म्हणजे झालं."

"आणि रेघा? त्या कशावरून मारतोस?"

"चाललंय अंदाजानं. पण अंदाजाचं काम मला जमत नाही." त्यानं खडू खिशात टाकला. "उद्यापासून सगळ्यांना तीन."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला त्याच्या खोलीत दिवा लागला. मी तेव्हा तिथंच मागच्या खोलीत राहायचो, म्हणून दिसला. चाळीस जोड्या, बारा मिनिटं प्रत्येकी. आठ तास. वरचं काम होतंच. साडेतीनला सुरू करून तो दुपारी साडेचारला सुटला. रोजचे पाच तास जास्त. कुणी सांगितले नव्हते, कुणाला माहीत नव्हते. नाक गेलं म्हणून लबाडी करायची, तर त्यानं ती पाच तास जास्त राबून केली. अशी लबाडी मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

पण त्याच्या हातून एक चूक झाली. रेघा फक्त आपल्यासाठी आहेत असं त्याला वाटायचं. पोरं त्या वाचायची हे तो विसरला.

एक रेघवाली पोरं स्वतःला स्वच्छ समजायची. तीन रेघा मिळालेल्याला जेवताना बाकाच्या टोकाला बसवायची. उंच उडीवाला एक पोरगा होता, त्यानं दोन वर्षांत दुसरी रेघ बघितली नव्हती आणि हे तो ज्याला त्याला सांगायचा. आठवडाभर त्याच्या तळव्यावर तीन रेघा निघाल्यावर तो बूट हातात घेऊन आला.

"काका, हे काय आहे?"

"बूट आहे."

"तीन रेघा? माझ्या बुटाला? वास घेऊन दाखवा बरं माझ्यासमोर."

नाकरावनं बूट घेतला, नाक आत घातलं, लांब श्वास घेतला. मी इस्त्री धरून भिंतीकडे तोंड केलं. मला ते बघवत नव्हतं.

"थोडा आहे," नाकराव म्हणाला. "पाय वाढतायत तुझे. वयच आहे ते."

पोरगा लाल होऊन गेला. मागून पोरांचा हशा ऐकू आला. त्यानंतर नाकराव खोट्या रेघा मारू लागला. उंच उडीवाल्याला एक, ह्याला दोन, त्याला एक, आणि काम मात्र सगळ्यांचं पूर्ण. खोटी रेघ मारताना त्याचा हात जड व्हायचा. खडू दोनदा मोडला त्यानं. शिव्या खडूला दिल्या.

हे कळलं एका पोरीला. लांब पल्ल्याची धावणारी. डावी टाच आधी झिजवायची म्हणून तो तिला डावरी म्हणायचा. ती हसायची कमी, बघायची जास्त. एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "काका, माझ्या बुटावर एक रेघ आहे."

"मग? आनंद मान."

"एका रेघेत लेस धुतात का?"

नाकराव फडकं पिळत राहिला.

"आणि बुटाला व्हिनेगरचा वास येतो. आत पुरचुंडीचा सोडा सांडलाय. हे तीन रेघांचं काम आहे."

"तुला पळायला ठेवलंय की तपासणीला?"

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "फक्त विचारलं." आणि गेली. तिनं सांगितलं नाही. मोठ्यांपेक्षा बरी होती.

त्याला ताप आला त्याच्या थोडं आधी नवे मॅनेजर आले होते. त्यांचा आवडता शब्द होता सुटसुटीत. जेवणाची वेळ सुटसुटीत केली, म्हणजे अर्धा तास कमी केला. धुलाईखात्यातली दोन माणसं सुटसुटीत केली, म्हणजे घरी पाठवली. मग त्यांची नजर बुटांच्या खोलीवर गेली. दर पोरामागे दोन जोड, वर एक माणूस, वर सोडा, व्हिनेगर आणि रद्दी. त्यांना ते फार पसरट वाटलं.

नाकराव तापातून उठला त्याच महिन्यात त्यांनी बुटात मारायच्या सुवासिक फवाऱ्याचे डबे आणले. नमुना म्हणून चार डबे खोल्यांच्या व्हरांड्यात ठेवले. पोरांनी ते बुटात कमी आणि एकमेकांच्या तोंडावर जास्त मारले. पहिल्या आठवड्यात डबे संपले. रिकामे डबे तिथंच राहिले, धूळ खात. मॅनेजरना ते भरलेले वाटत होते की काय, देव जाणे. डबा हलवून बघायलाही हात लावावा लागतो.

अकरा महिने असे गेले. नाकराव वाळत चालला. डोळ्यांखाली काळं. बोटांची कातडी व्हिनेगरनं सोलून निघालेली. मी म्हणायचो, थोडं कमी कर, कुणाला कळतंय. तो म्हणायचा, "मला कळत नाही म्हणून तर करायचं." आणि खरं सांगायचं तर बुटांची खोली इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. पाहुणे यायचे, दारात थांबायचे, म्हणायचे, इथं बूट ठेवता? वासच नाही की.

मग एक दिवस मॅनेजरनी सगळ्यांना बुटांच्या खोलीत बोलावलं. मैदानावरचे मुख्य शिक्षक, सात-आठ पोरं, मी, नाकराव. डबेवाल्या कंपनीचा विक्रीवाला आला होता, कडक घडीचा शर्ट, बोलणं गोड. टेबलावर सहा बूट मांडले होते. तीन नाकरावच्या फळीवरचे. तीन आदल्या संध्याकाळी पळताना घातलेले, धुतलेले नाहीत, फक्त फवारलेले.

मॅनेजर म्हणाले, "आपण सगळे मोकळेपणानं बोलू. गेल्या अकरा महिन्यांत बुटांच्या वासाची एकही तक्रार नाही. एकही. त्याआधी महिन्याला चार-पाच असायच्या. हा बदल कशामुळे झाला ते आपल्यासमोर आहे." आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला.

मी नाकरावकडे बघितलं. त्याचा जबडा हलला.

"तेव्हा पुढच्या महिन्यापासून एका पोराला एकच जोड. संध्याकाळी दोन फवारे, सकाळी तयार. सुटसुटीत." मग त्यांनी आवाज मऊ केला. "नाकराव, तुम्हाला कुणी काढत नाही. फवारा मारायलाही माणूस लागतोच. तुम्ही जाणते. सेवा पूर्ण होईपर्यंत आरामात बसा. फक्त एकदा वास घेऊन सांगा, की हे काम करतं. तुमच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास आहे."

बघा. नुसती मान हलवायची होती. एकोणीस महिने खुर्चीत बसून डब्याची कळ दाबायची, पुरी रक्कम घ्यायची, दोन खिडक्यांची खोली घ्यायची. झोप मिळाली असती. बोटं बरी झाली असती. त्याच्या जागी मी असतो तर मान हलवली असती. हे लिहितानाही स्वतःचा राग येतो.

नाकराव टेबलाजवळ गेला. पहिला फवारलेला बूट उचलला. नाक घातलं नाही, हात घातला. अंगठ्याच्या खळग्यात बोट फिरवलं, बाहेर काढून दाखवलं. बोट ओलं होतं.

"आत ओल आहे."

विक्रीवाला हसून म्हणाला, "काका, ओलीचं नाही, वासाचं विचारतोय."

"ओल म्हणजे उद्याचा वास."

"आजचं सांगा," मॅनेजर म्हणाले.

विक्रीवाल्याला चेव आला. "आपण सोपं करू. या तिघांना तीन वेगळे सुवास मारलेत. एक लिंबाचा, एक गुलाबाचा, एक पुदिन्याचा. काका नुसतं ओळखून दाखवतील. म्हणजे लक्षात येईल, सुवास किती टिकतो."

डावरी पुढं सरकली, तिचा पाय टेबलाला लागला, मधला बूट हलला. मला वाटतं तिनं मुद्दाम केलं, नाकाचंही तिला कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "काका, हा लिंबाचा..."

"मध्ये बोलू नकोस," मॅनेजर म्हणाले.

नाकरावनं तिच्याकडे बघितलं. एवढीच काय ती मऊ नजर मी त्या दिवशी त्याच्या तोंडावर बघितली. मग तो मॅनेजरांकडे वळला.

"साहेब, अकरा महिने म्हणालात ना?"

"हो, अकरा."

"अकरा महिने मला वास येत नाही. लिंबाचा नाही, गुवाचा नाही. तापात गेला. म्हणून अकरा महिने मी एकही बूट सोडला नाही. चाळीसच्या चाळीस रोज पूर्ण धुतले. पहाटे साडेतीनपासून. तुमचे डबे पहिल्या आठवड्यात रिकामे झालेत, हलवून बघा. तक्रार नाही ती या हातांमुळे." त्यानं दोन्ही हात पुढं केले. सोललेले. "हे डब्याच्या नावावर लावू नका. बाकी काय करायचं ते करा."

मॅनेजरनी डबा हलवून बघितला नाही. मुख्य शिक्षकांनी बघितला. व्हरांड्यातला एक आणला आणि कानाशी हलवला. आतून काही आवाज आला नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. शिक्षक चांगला माणूस होता. पण चांगली माणसं फार खिडकीबाहेर बघतात.

मॅनेजरनी टेबलावरचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे अकरा महिने तुम्ही आम्हाला फसवलंत."

"हो," नाकराव म्हणाला. "पाच तास रोज."

"मी तुम्हाला आजच काढू शकतो. पण मी तसा माणूस नाही." आणि मग ते हसले. ते हसणं मी विसरणार नाही. "वास येत नाही ना? मग संडास तुमच्यासाठीच आहेत. उद्यापासून तिकडे."

दोन-तीन पोरं हसली. उंच उडीवाला हसला नाही. तो आपल्या बुटाचा तळवा उलटा करून बघत होता.

काढलं असतं तर निम्मी रक्कम तरी द्यावी लागली असती, लेखी कारण द्यावं लागलं असतं. मॅनेजरना वाटलं, हा आठ दिवसांत स्वतः सोडून जाईल आणि सगळं सुटसुटीत होईल. त्यांना माणूस कळला नव्हता. नाकराव दुसऱ्या दिवशी पाचला संडासाच्या दारात उभा होता, पायजमा वर खोचलेला, हातात ब्रश. तिथंही त्यानं तेच केलं. खिडक्यांच्या गंजलेल्या जाळ्या काढून घासल्या, अडकलेली तावदानं सोडवली, वारा आरपार केला. फरशीचा उतार चुकला होता, कोपऱ्यात पाणी साचायचं. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं सिमेंटचा पट्टा ओढला. महिन्याभरात ते संडास बघण्यासारखे झाले. याचंही श्रेय कुणीतरी घेतलं असेल, मी चौकशी केली नाही.

बुटांच्या खोलीत डबे आले. फळ्यांवर अर्धे जोड राहिले. पहिला महिना खोलीत फुलांच्या दुकानासारखा वास होता. दुसऱ्या महिन्यात फुलं कुजल्यासारखा. तिसऱ्यात मी मधलं दार लावून घेतलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. पोरांच्या बोटांमध्ये खाज सुरू झाली, दोघांच्या टाचा फुटल्या, एकाला महिनाभर पळता आलं नाही. मॅनेजरनी वेगळ्या कंपनीचे डबे मागवले.

डावरी मात्र आठवड्यातून दोनदा संडासाच्या मागच्या बाजूला जायची. तिथं नाकराव पायरीवर बसलेला असायचा. ती स्वतःचे बूट घेऊन यायची. एक जोड तिनं घरून आणवला होता, म्हणजे पुन्हा दोन झाले. तो हात लावायचा नाही. नुसता बसून सांगायचा.

"खळग्यात बोट घाल. अजून आत. घाबरतेस काय, तुझाच पाय होता तिथं."

"कोरडं वाटतंय, काका."

"वाटतंय म्हणजे काय? कागद घाल. कागद ओला आला तर खोटं, कोरडा आला तर खरं."

पुढं तिच्याबरोबर आणखी चार पोरं जाऊ लागली. त्यात उंच उडीवालाही होता. त्यांच्या खिडक्यांच्या गजांवर सुखतळे लटकताना दिसायचे. मॅनेजरनी त्यावर सूचना लावली, की इमारतीची शोभा जाते. पोरांनी सुखतळे आतल्या बाजूला लटकवले.

एकोणीस महिने त्यानं संडास धुतले. एक दिवस रजा नाही. शेवटच्या दिवशी निरोप नव्हता, हार नव्हता. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाला, "ब्रश धुऊन ठेवलाय, कोरडा. नंतर येणाऱ्यानं तो तसाच ठेवावा." एवढंच. नाक परत आलं नाही.

रक्कम पुरी मिळाली. कारकुनानं कागद पुढं ढकलले, नाकरावनं प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि मगच सही केली. कारकून चुळबुळ करत होता. करू दे.

चार महिन्यांनी मी त्याच्या नव्या घरी गेलो. चौथा मजला, जिना चढताना मला धाप लागली. खोली लहानच, पण पूर्वेला एक खिडकी आणि समोर पश्चिमेला दुसरी. दोन्ही उघड्या. मधल्या दोरीवर चादर वाळत होती आणि एका बाजूला फुगली होती. त्याची बायको म्हणाली, "भावजी, बघा, सकाळी टाकली, दुपारी घडी. खोकला पण गेला माझा. पण यांना सांगा, पावसाची झड येते तेव्हा तरी एक लावू द्या."

"एक लावलीस तर दुसरीचा काय उपयोग," तो आतून म्हणाला.

"आले का भांडायला," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

खिडकीच्या कट्ट्यावर त्याचे स्वतःचे बूट होते. जुने, कामावरचे. लेस काढलेली, सुखतळे बाजूला उभे केलेले, आत कागदाचे बोळे, तोंड वाऱ्याकडे. सतरा वर्षं त्याच्याशेजारी काम केलं, पण त्याचे स्वतःचे बूट असे ठेवलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तिथं त्याला वेळ नव्हता.

मी बसलो. त्यानं मला थोडा वेळ बसू दिलं, मग सरळ विचारलं, "खोलीला वास येतो का रे? खरं सांग. हिला विचारून उपयोग नाही, ही काहीही म्हणते."

मी नीट श्वास घेतला. उगाच घाई केली नाही. धुतलेल्या कापडाचा होता, चहाचा होता, बाकी काही नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"बोट घालून बघ कोपऱ्यात."

मी उठलो आणि पलंगामागच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावला. कोरडी होती. तसं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पश्चिमेची खिडकी आणखी वीतभर उघडली.